लोटाचा डेरा

चर्चच्या तरुण संघात डेटिंगचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : ‘कुठपर्यंत चालतं?’ मुलांना रेघ हवी असते. पूर्वी मीही आखून द्यायचे. सतरा वर्षांची एक मुलगी भेटून गेली, तेव्हापासून सोडून दिलं. (तिची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

दर रविवारी उपासनेला येणारी, मनापासून प्रार्थना करणारी मुलगी. म्हणाली, “मर्यादा आम्ही दोघांनी मिळून ठरवली होती. तरी ती कधी ओलांडली, कळलंच नाही.”

मी आधी विचारलं, त्यानं जबरदस्ती केली का? हे विचारायलाच हवं. तसं असेल तर दोष तिचा नसतो आणि पुढचं बोलणंच वेगळं होतं. ती नाही म्हणाली. मग मी कोरा कागद दिला : त्या संध्याकाळपासून उलटं लिहीत जा.

तिनं लिहिलं. घरी कुणी नसताना तो आला. त्याआधी आईला खोटं सांगितलं. त्याआधी मध्यरात्रीपर्यंत मेसेज. त्याआधी ते मेसेज पुसणं. सगळ्यात खाली, अभ्यासाच्या ग्रुपमधून बाजूला होऊन दोघांचंच बोलणं. बराच वेळ कागदाकडे बघून तिनं ‘पुसणं’वर बोट ठेवलं. “इथे मला माहीत होतं.”

आम्ही बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, काढलं. 13 व्या अध्यायात अब्राहामाचा पुतण्या लोट याला यार्देनेचं हिरवंगार खोरं दिसतं आणि तो पापासाठी कुप्रसिद्ध असलेल्या सदोम शहराच्या दिशेनं डेरा हलवतो. 14 व्यात तो सदोमातच राहतोय. 19 व्यात वेशीत बसलेला. ‘आता सदोमात जाऊ या’ असं त्यानं म्हटल्याचं मधे कुठेच नाही. याच पुस्तकात, 39 व्या अध्यायात योसेफ आहे. त्याच्या धन्याची, पोटीफराची, बायको रोज जवळ ये म्हणून गळ घालायची, तर तो तिच्याजवळ थांबायलाही तयार नव्हता.

किशोरवयात परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा भाग अजून घडत असतो. पंचविशीपर्यंत ते काम चालू राहतं. ऐन क्षणी निर्धार आठवेल यावर मुलांनी विसंबू नये, असं मला कळकळीनं वाटतं. निर्णय आधीच्या पायऱ्यांवर घ्यायचे : फोन रात्री कुठे राहील, भेट कुठे होईल, कुणाला माहीत असेल.

“देव आता माझं ऐकेल?” तिनं विचारलं. मोह होणं हे पाप नाही, येशूचीही परीक्षा झाली, हे तिला माहीत होतं. पण ती तर पडली होती. पाप कबूल केलं तर देव क्षमा करील, असं सांगणारं बायबलमधलं वचन, 1 योहान 1:9, मी तिच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेतलं. ‘क्षमा करील’ला तिचा आवाज अडखळला.

पुढच्या भेटीला ती आईला घेऊन आली. आईनं कागद वाचला. “मेसेज पुसलेस, तेव्हाच का नाही बोललीस?”

“तू ओरडली असतीस.”

आई खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हो. ओरडले असते.” आणि खुर्ची तिच्याजवळ ओढून बसली.