'रातपाळी'चं पोस्टर, मुखपृष्ठ आणि लोगो: आधी नावाची अक्षरं

प्रश्न थोडक्यात असा आहे: इचलकरंजीतल्या यंत्रमाग कामगारावरचा १८ मिनिटांचा लघुपट, नाव 'रातपाळी'. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ए३ पोस्टर, एका काल्पनिक सिनेमासिकाचं मुखपृष्ठ आणि गटाच्या निर्मितीसंस्थेचा लोगो करायचा आहे. सध्याच्या पोस्टरवर नायकाचा चेहरा, माग, घड्याळ, चंद्र आणि इंग्रजी पोस्टरांवरून घेतलेली श्रेयनामांची पट्टी असं सगळं आहे, तरी ते 'सिनेमाचं' वाटत नाही.

चित्र सध्या बाजूला ठेवा आणि नाव लिहायला घ्या. 'रातपाळी'मध्ये पाच उभे दंड आहेत: 'रा'चा काना, 'त'चा दंड, 'पा'चे दोन आणि 'ळी'च्या वेलांटीचा एक. वरून एक आडवी शिरोरेघ. मागावरचे उभे-आडवे धागे तुमच्या नावातच आहेत. शिरोरेघ धाग्याइतकी बारीक करून पोस्टरच्या दोन्ही कडांपर्यंत नेली, तर चित्रातला माग काढून टाकता येतो. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरकार कमल शेडगे यांची अक्षरं शोधून पाहा. बहुतेक ठिकाणी चित्राची गरजच पडलेली नाही.

चपट्या ब्रशने किंवा जाड मार्करने कागदावर नाव पंचवीस-तीस वेळा लिहा. त्यातलं एक निवडून ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि इंकस्केप या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ट्रेस बिटमॅप'ने व्हेक्टर (कितीही मोठी केली तरी न फाटणारी रेषाकृती) करा. ट्रेस केल्यावर शेकडो नोड (रेषेवरचे बिंदू) येतात; ते हाताने कमी करा, कारण 'सिम्प्लिफाय' दोन-तीनदा दाबलं की अक्षराची टोकं गोल होतात. मग अक्षर लहान करून बघा. 'पा'च्या दोन दंडांमधली फट आधी बुजते. यूट्यूबच्या लघुचित्रात नाव दीडशे पिक्सेल रुंद दिसलं तरी ती फट उघडी राहिली पाहिजे. 'ळी'च्या वेलांटीच्या कमानीला वर पुरेशी जागा सोडा, नाहीतर टॅगलाइन तिच्यावर येऊन बसते.

फाँटच वापरायचा असेल तर एक नियम पाळा: देवनागरीत ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवू नका. इंग्रजी शीर्षकांत अक्षरं लांब-लांब ठेवली की भारदस्त दिसतं; आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्दाची चार सुटी अक्षरं होतात. अंतर हवंच असेल तर अक्षरं आउटलाइन करून (फाँटमधून आकारात बदलून) शिरोरेघ स्वतः ओढा.

पहिली वेलांटी व्यंजनानंतर दिसणं किंवा जोडाक्षराऐवजी हलन्त दिसणं हा बहुतेकदा सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा दोष असतो, फाँटचा नसतो. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडा. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लागतो. इंकस्केप आणि क्रिता यांत असं काही करावं लागत नाही. फुकट आणि परवान्याची अडचण नसलेले फाँट गुगल फाँट्सवर भरपूर आहेत: मुक्त, बलू, खंड, तेको, मोदक. मजकुरात मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवे असतील तर 'टिरो देवनागरी मराठी' घ्या. 'लघुपट' हा शब्द हिंदी वळणाच्या 'ल'ने छापलेला मराठी वाचकाला लगेच खटकतो.

श्रेयनामांची पट्टी तशीच्या तशी उचलणं ही विद्यार्थी पोस्टरांतली सगळ्यात सर्रास चूक आहे. इंग्रजी अक्षरं दाबून उंच केली तरी वाचता येतात. देवनागरी अक्षर आडवं ४० टक्क्यांवर दाबलं की दंड केसासारखे होतात, शिरोरेघ जाड राहते आणि मात्रा एकमेकींत घुसतात. मुळातच अरुंद आखलेला खंड किंवा तेको घ्या, ए३वर ११ पॉइंटाच्या खाली जाऊ नका, ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. आठ-दहा नावं पुरतात: लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी, संगीत, मुख्य कलाकार. महोत्सवाची लॉरेल (निवड झाल्याची पानांच्या कमानीची खूण) निवड झाल्यावरच लावा.

आता चित्र. चित्रफितीतली फ्रेम उचलून पोस्टर करू नका. हिशेब सोपा आहे: फुल एचडी फ्रेमची उंची १०८० पिक्सेल. त्यातून ए३च्या प्रमाणात उभा तुकडा कापला की रुंदी उरते सुमारे ७६४ पिक्सेल, म्हणजे छापताना इंचाला जेमतेम ६५. फोर-के फ्रेममधूनही १३१च येतात. हवेत ३००. शिवाय चित्रणाच्या १/५० सेकंद शटरवर हलता हात पुसट येतो. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरून काढलेला फोटो ए३ला इंचाला ३४० पिक्सेल देतो. म्हणून पोस्टरसाठी वेगळा अर्धा तास काढा, त्याच कपड्यांत, त्याच प्रकाशात. डोक्यावर चौकटीचा वरचा तिसरा भाग रिकामा सोडा, नाव तिथे बसेल. आडवे फोटोही काढा, लघुचित्राला १२८० बाय ७२० लागतं. कलाकारांकडून प्रसिद्धीसाठी लेखी परवानगी त्याच दिवशी घ्या.

विषय एकच निवडा. धोटा (मागावर आडवा धागा नेणारा) धरलेला हात, बोटांवर चिकटलेली रुई, वरून ट्यूबलाइटचा पांढरा प्रकाश, एवढंच पुरेल. घड्याळ आणि चंद्र रात्र सांगण्यासाठी आहेत, पण रात्र तर नावातच आहे.

मुखपृष्ठासाठी खऱ्या मासिकाचं नाव वापरू नका. वर्गात चालून जाईल, पण इन्स्टावर टाकलं की तो दुसऱ्याचा ट्रेडमार्क आहे. समजा नाव ठेवलं 'पडदा'. नायकाचं डोकं शीर्षनामावर चढवायचा मोह होतो, आणि इथे देवनागरी पुन्हा वेगळी वागते. इंग्रजी अक्षराचा वरचा अर्धा भाग दिसला की ते ओळखू येतं. आपल्या अक्षरांत वरची रेघ सगळ्यांना सारखी, ओळख खालच्या वळणात. 'ड'चा खालचा भाग झाकला की तो ड, इ, ह की द हे कळत नाही. डोकं 'प'च्या दंडावर किंवा शेवटच्या कान्यावर येऊ द्या. मधलं अक्षर एक तृतीयांशापेक्षा जास्त झाकू नका. स्टॉलवर अंक एकमेकांवर ठेवतात, त्यामुळे वरचा पट्टा आणि डावी कडा दिसते. मुख्य लेखाची ओळ डावीकडे ठेवा. तीन-चार ओळी पुरे, आणि त्या 'मुलाखत' किंवा 'विशेष' अशा मोघम नकोत. 'रात्री आठ ते सकाळी आठ: मागाशेजारचा कॅमेरा' अशी ओळ अंक उचलायला लावते. बारकोड पुस्तकावरचा उचलू नका. पुस्तकाचा ९७८ने सुरू होतो, नियतकालिकाचा ९७७ने, आणि जाणकार परीक्षकाला हे लगेच दिसतं. पूर्ण आकार ३७ बाय २६ मिलिमीटर असतो, ८० टक्क्यांपर्यंत लहान चालतो. पांढरी चौकट ठेवा, अंकाची किंमत आणि महिना जवळच द्या.

लोगो हा सर्वांत सोपा भाग आहे, आणि त्यालाच मुलं सगळ्यात जास्त सजवतात. 'प्रभात' फिल्म कंपनीची तुतारी फुंकणारी स्त्री आठवा. नुसत्या छायाकृतीतही ती ओळखू येते. तुमचा लोगो आधी एकाच रंगात, काळ्या-पांढऱ्यात करा. पोस्टरच्या तळाशी १२ मिलिमीटर रुंदीत तो दिसला पाहिजे, काळ्या पडद्यावर पांढराही. ग्रेडियंट, सावली, चकाकी नको. रिळाचं भोक आणि क्लॅपबोर्ड इतरांनी वापरून झिजवलंय. मूळ फाइल एसव्हीजी, चित्रपटासाठी पारदर्शक पीएनजी. पडद्यावर तीन ते पाच सेकंद पुरतात.

छपाईत सगळ्यात जास्त बिघडतं ते काळं. आरजीबीतला (पडद्याच्या रंगांतला) काळा सीएमवायकेत (छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या, काळ्या शायांत) बदलला की चारही शाया मिळून ३०० टक्क्यांच्या आसपास जातात, कागद ओला राहतो आणि बारीक पांढरी अक्षरं भरून जातात. पार्श्वभूमीसाठी सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० ठेवा. काळी बारीक अक्षरं नुसत्या के १००मध्ये करा, म्हणजे प्लेट जरा सरकली तरी कडेला रंगीत झालर येत नाही. काळ्यावरची पांढरी अक्षरं फाँटच्या जाडीत एक पायरी वरची घ्या. स्क्रीनवर दिसतं त्यापेक्षा कागदावर अंधार जास्त पडतो. रात्रीच्या फोटोत मधल्या छटा थोड्या उचलून ठेवा, नाहीतर रुई दिसणारच नाही.

चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेली जागा) द्या, म्हणजे फाइल ३०३ बाय ४२६. कडेपर्यंत नेलेली शिरोरेघ त्या ब्लीडच्याही टोकापर्यंत न्या, नाहीतर कटिंगनंतर बाजूला पांढरा ठिपका राहतो. बाकी मजकूर कडेपासून १० मिलिमीटर आत. दुकानात १२ बाय १८ इंची शीट सांगू नका. ब्लीडसकट ए३ची रुंदी जवळपास तेवढीच होते आणि मशीन कडेचे काही मिलिमीटर छापत नाही. १३ बाय १९ मागा, १७० जीएसएम आर्ट पेपर, मॅट. ग्लॉसवर कॉरिडॉरची ट्यूबलाइट चमकते. पीडीएफमध्ये सगळी अक्षरं आउटलाइन करा. दुकानदार फाइल बऱ्याचदा कोरलड्रॉमध्ये उघडतो आणि तिथे युनिकोड मराठी मोडू शकते. क्यूआर कोड टाकणार असाल तर पाच सेंटिमीटरचा, फिक्या जागेवर गडद, भोवती रिकामी पट्टी सोडून.

आधी एकच प्रत काढा. जिथे लावायची त्याच भिंतीवर लावून दहा फुटांवरून बघा, मग बाकीच्या छापा.