जर्सीचा ट्रस्ट म्हणजे देवस्थान नव्हे, मग मराठीत म्हणायचं काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता की मस्कतला बरीच वर्षं काढलेल्या तुमच्या काकांनी जर्सी बेटावर ट्रस्ट केलाय, त्याचे कागद घरी आलेत, त्यात बेनिफिशियरी म्हणून तुमचं आणि भावाचं नाव आहे. भावानं आईला समजावं म्हणून मराठीत लिहून काढताना 'ऑफशोर ट्रस्ट'ला 'परदेशी धर्मादाय संस्था' आणि सोबतच्या 'लेटर ऑफ विशेस'ला 'इच्छापत्र' असं लिहिलं, आणि आता आई विचारतायत की भाऊजींनी तिकडं देऊळ बांधलं का. हे शब्द बरोबर आहेत का, नसतील तर कोणते घ्यायचे.

दोन्ही शब्द चुकलेत. पण भावाला बोल लावू नका, मी सोलापुरात वकिलाच्या ऑफिसात खरेदीखतं, मृत्युपत्रं, ट्रस्ट डीड टाइप करण्यात बरीच वर्षं घालवलीत आणि ही गल्लत चांगल्या शिकलेल्या माणसांकडून होताना बघितलीय. आपल्या गावात ट्रस्ट हा शब्द ऐकला की डोळ्यासमोर काय येतं सांगा, देवस्थान, शाळा, नाहीतर दवाखाना. सिद्धेश्वर देवस्थानची तर पंच कमिटीच, आपण ट्रस्टी म्हणायच्या आधी पंच म्हणतो. बरं हे फक्त मराठीत नाही. आपल्याकडं कन्नड बोलणारी घरं देवळाच्या ट्रस्टीला धर्मदर्शी म्हणतात, तेलुगूत धर्मकर्त, आणि वक्फचं बघणारा तो मुतवल्ली. म्हणजे चार भाषांच्या या गावात ट्रस्टी हा माणूस सगळ्यांना देवाधर्माच्या दारातच भेटतो. त्यात १९५० चा सार्वजनिक ट्रस्टांचा कायदा, धर्मादाय आयुक्तांचं ऑफिस, नोंदणी नंबर, त्यामुळं ट्रस्ट म्हणजे धर्मादाय, आणि धर्मादाय म्हणजे संस्था, हे डोक्यात घट्ट बसलंय. आईंनी देऊळ का म्हटलं ते अगदी समजण्यासारखं आहे.

पण देशात ट्रस्टचा त्याहून जुना एक कायदा आहे, १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम, तो खासगी ट्रस्टांसाठी, आणि त्यातली ट्रस्टची व्याख्या मला फार आवडते. तिथं ट्रस्ट म्हणजे संस्था असं कुठंच म्हटलेलं नाही. मालमत्तेच्या मालकीला चिकटलेली एक जबाबदारी, जी कुणीतरी टाकलेल्या आणि मालकानं स्वीकारलेल्या विश्वासातून निघते, ती दुसऱ्याच्या भल्यासाठी, किंवा दुसऱ्याच्या आणि मालकाच्या अशा दोघांच्या भल्यासाठी असते, असा त्याचा आशय. जबाबदारी. बंधन म्हणा हवं तर. म्हणजे ट्रस्ट या गोष्टीला ऑफिस नाही, शिक्का नाही, स्वतःचं अंगच नाही. कंपनी स्वतःच्या नावानं जमीन घेऊ शकते, खासगी ट्रस्टमध्ये जमीन ट्रस्टीच्या नावावर असते, आणि त्या नावावर असण्यावर बंधन असतं की बाबा हे तुझं आहे पण तुझ्यासाठी नाही.

आता शब्दांकडं येते. आपल्याकडं दोन शब्द आहेत, न्यास आणि विश्वस्त, आणि दोन्ही सुंदर आहेत पण ट्रस्ट या शब्दाचा मधला भाग दोघांच्याही हातातून सुटतो. न्यास म्हणजे नि आणि अस्, खाली ठेवणं. पूजेतला अंगन्यास तोच, संन्यासातला न्यासही तोच, सगळंच खाली ठेवून दिलं तो संन्यास. त्यामुळं जुना न्यास म्हणजे विश्वासानं ठेवलेली वस्तू, ठेव. शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या शेवटी मुलीला सासरी पाठवून झाल्यावर कण्व म्हणतात की ज्याचा न्यास त्याला परत केल्यावर वाटावं तसं मन मोकळं झालं, तिथं न्यास म्हणजे नुसती ठेवच. मनुस्मृतीत वादाचे अठरा विषय सांगितलेत, पहिला कर्जाचा आणि लगेच दुसरा निक्षेपाचा, निक्षेप म्हणजेही ठेवच. दुसऱ्याकडं ठेवलेलं परत मिळेना हे भांडण किती जुनं आहे बघा.

विश्वस्त वेगळ्या बाजूनं येतो. श्वस् म्हणजे श्वास घेणं, ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो तो विश्वस्त. म्हणजे न्यास ही वस्तू झाली आणि विश्वस्त हा माणूस झाला, आणि इंग्रजी ट्रस्ट म्हणतो ते या दोघांमधलं बांधलेपण. म्हणूनच सरकारी मराठीनं १९५० च्या कायद्याचं नाव करताना 'सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम' असं केलं. लोक नाक मुरडतात, लांबलचक आहे म्हणतात, मला मात्र तो शब्द पटतो, कारण त्यात 'व्यवस्था' आहे, 'संस्था' नाही.

मग ठेव म्हटलं तर चालेल का, किंवा आपल्या मुसलमान शेजाऱ्यांकडं बोलतात तसं अमानत? आईंना समजावताना सुरुवात तिथून करायला हरकत नाही, पण तिथंच थांबू नका. समजा तुमच्या आजीनं काशीला जाताना पाटल्या शेजारच्या काकूंकडं ठेवल्या. ही ठेव. काकू पाटल्यांच्या मालक झाल्या नाहीत आणि परत आजीलाच द्यायच्या. आता समजा आजीनं चाटी गल्लीतलं दुकान काकूंच्या नावावरच करून दिलं आणि त्याच नोंदणी केलेल्या कागदात लिहिलं की भाडं नातवंडांच्या शिक्षणाला लावा आणि धाकटा पंचवीसचा झाला की दुकान त्या दोघांना द्या. आता काकू कायद्यानं मालक आहेत, आजीचा हक्क संपला, आणि नातवंडं मालक नसूनही काकूंना कोर्टात खेचू शकतात. हा ट्रस्ट. देणारी आजी ती सेटलर, आपल्या १८८२ च्या कायद्यात तिला ट्रस्टची कर्ती म्हटलंय. काकू ट्रस्टी. नातवंडं बेनिफिशियरी. आजीचा हात सुटणं हा यातला जीव आहे, तो सुटला नाही तर पुढं घोटाळा होतो, त्यावर येतेच.

बेनिफिशियरीला सगळे लाभार्थी म्हणतात. अर्थानं चूक नाही पण हल्ली लाभार्थी म्हटलं की घरकुल योजना आणि रेशनची यादी आठवते, सरकारनं दिलं तर मिळालं. ट्रस्टमधल्या माणसाचा हक्क असतो, म्हणून कायद्याच्या भाषेतला हिताधिकारी मला जास्त बरोबर वाटतो. थोडा जड आहे, पण त्यात अधिकार आहे. तुमच्या कागदात 'डिस्क्रिशनरी' असा शब्द असेल तर मात्र तो अधिकार पातळ असतो हे लक्षात ठेवा, म्हणजे कुणाला किती आणि कधी द्यायचं हे ट्रस्टीनं ठरवायचं, तुम्ही नीट विचार करून ठरवा असा आग्रह धरू शकता, अमुक रक्कम माझीच म्हणू शकत नाही.

इंग्रजांकडं ही व्यवस्था कशी आली त्यात शब्दाची एक गंमत आहे. धर्मयुद्धावर जाणारे सरदार जमीन मित्राच्या नावावर करून जायचे, माझ्या बायकापोरांसाठी सांभाळ म्हणून, असं सांगतात. मित्र फिरला तर साधी कोर्टं म्हणायची की कागदावर मालक तोच आहे, आम्ही काय करणार. मग लोक राजाच्या चॅन्सेलरकडं, म्हणजे त्याच्या बड्या मंत्र्याकडं, दाद मागायचे आणि तो मित्राच्या सदसद्विवेकाला धरून त्याला वचन पाळायला लावायचा. तिथून एकाच जमिनीला दोन मालक ही अजब कल्पना रुजली, एक कायद्याचा आणि एक न्यायबुद्धीचा. आपल्या १८८२ च्या कायद्यानं हे दुहेरी मालकपण घेतलं नाही, इथं मालक ट्रस्टीच आणि हिताधिकाऱ्याला त्याच्याविरुद्ध हक्क. तर त्या जुन्या इंग्रजी व्यवस्थेला 'यूज' म्हणायचे, १५३५ चा त्यावरचा कायदाही प्रसिद्ध आहे, आणि बरेच जण त्याचं मराठी 'वापर' असं करतात. पण हा यूज वापरातला नाहीच, तो लॅटिन ओपस या शब्दावरून जुन्या फ्रेंचमधून आला, अमक्याच्या वतीनं, अमक्याच्यासाठी, असा अर्थ. म्हणजे आपलं 'साठी'. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, सगळा ट्रस्ट त्या एका 'साठी'त आहे. वक्फच्या कल्पनेचा या यूजवर परिणाम झाला असावा असंही काही अभ्यासकांनी मांडलंय.

आता ऑफशोर. शोर म्हणजे किनारा, आणि जर्सी हे इंग्लंड फ्रान्सच्या मधल्या खाडीतलं बेट, आपल्याकडच्या दूधवाल्यांना माहीत असलेली जर्सी गाय मूळची तिथलीच. ब्रिटनच्या राजाच्या छत्राखाली आहे पण ब्रिटनचा भाग नाही, कायदे आणि कर स्वतःचे. लंडनहून बघणाऱ्याला ते खरोखरच किनाऱ्यापलीकडं. पण पुढं शब्द सुटला आणि किनारा मागं राहिला. लिश्टेनश्टाइनला समुद्र नाही, त्याच्या शेजारच्या दोन्ही देशांनाही नाही, तरी तिथं १९२६ पासून ट्रस्टचा कायदा आहे आणि त्याला सगळे ऑफशोरच म्हणतात. आपल्याच गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतलं वित्त केंद्र परकीय चलनाच्या नियमांसाठी भारताबाहेरचं धरलं जातं, साबरमतीच्या काठावर ऑफशोर. आणि आपल्या सोलापूरची जी पोरं पुण्यात आयटीत आहेत त्यांच्या तोंडी ऑफशोर टीम म्हणजे पुण्याचीच टीम, कारण क्लायंट अमेरिकेत बसून बघतोय. म्हणजे ऑफशोर हा ठिकाणाचा शब्द नाही, तो कोण कुठून बघतंय याचा शब्द आहे. म्हणून नुसतं 'परदेशी' पुरत नाही. परदेशी ट्रस्ट म्हणजे परक्या लोकांचा असंही वाटतं, इथं माणसं आपलीच आहेत, फक्त व्यवस्था दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली उभी केलीय. मी 'परदेशस्थ विश्वस्तव्यवस्था' लिहीन, आणि पहिल्यांदा येईल तिथं सरळ देवनागरीत ऑफशोर ट्रस्ट असं लिहून मग हे मराठी देईन, कारण बँकेत आणि सीएकडं तोच शब्द चालणार आहे.

याच घरातला अजून एक शब्द, टॅक्स हेवन, म्हणजे कर नसलेला किंवा नावाला असलेला देश. बातम्यांत करस्वर्ग, नंदनवन असं वाचायला मिळतं. यातला हेवन म्हणजे स्वर्ग नव्हे, स्वर्गाचा तो हेव्हन, हा हेवन म्हणजे वादळात गलबतं आसऱ्याला येतात ते बंदर. फ्रेंच लोक स्वतः 'करांचा स्वर्ग' असंच म्हणतात त्यामुळं आपण एकटे चुकलो नाही, पण मराठीत बंदराचा अर्थ ठेवला तर ऑफशोरशी त्याचं नातंही दिसतं. करआसरा म्हणून बघा, वाईट नाही.

२०१६ चे पनामा पेपर्स आणि २०२१ चे पँडोरा पेपर्स, दोन्हींत असल्या परदेशातल्या कंपन्या आणि ट्रस्टांचे एक कोटीहून जास्त कागद फुटले, त्यामुळं ऑफशोर म्हटलं की चोरी असं झालंय, आणि तुमच्या मनातही ती भीती असेल. काकांची मुलं एका देशात, पैसा दुसऱ्या देशात, पुतणे सोलापुरात असं असेल तर एका जागी व्यवस्था लावणं यात गैर काही नाही. गैर कधी होतं, तर हात सुटल्यासारखं दाखवून सुटलेला नसतो तेव्हा. ट्रस्टी नुसता सही करणारा, सगळं काकाच फोनवरून ठरवतायत, असं निघालं तर कोर्ट त्याला 'शॅम' म्हणतं. यासाठी आपल्याकडं नावापुरता हा शब्द चपखल आहे, नावापुरता ट्रस्ट. बेनामी म्हणू नका मात्र, भावानं एके ठिकाणी तसं लिहिलंय असं तुम्ही म्हणालात. बेनामीत पैसा एकाचा, नाव दुसऱ्याचं, आणि भोगणारा पहिलाच. ट्रस्टी दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून मालमत्ता धरतो आणि अशा विश्वासाच्या नात्यातल्या धारणेला बेनामीच्या कायद्यातच सूट आहे. पॅसिफिकमधल्या कुक बेटांसारख्या ठिकाणी तर ज्याचं देणं आहे त्याला त्या पैशाला हात लावता येऊ नये अशाच बेतानं कायदे केलेत, परदेशी कोर्टाचा निकाल तिथं तसाच लागू होत नाही. ते मला मनापासून पटत नाही, विश्वासासाठी जन्मलेली व्यवस्था उधारी बुडवायला वापरली जाते याचं वाईट वाटतं, पण तेवढ्यावरून शब्दाला शिवी बनवू नये.

शब्दापलीकडची एकच गोष्ट, तुम्ही दोघं इथले रहिवासी आहात म्हणून. आयकर रिटर्नमध्ये परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता असतो, त्यात परदेशी ट्रस्टचा वेगळा रकाना आहे, ट्रस्टी, सेटलर किंवा बेनिफिशियरी असाल तर. अजून रुपया आला नाही म्हणून सोडून देऊ नका, २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्यात न दाखवल्याबद्दल १० लाखांचा दंड होऊ शकतो, कागद आधी सीएला दाखवा.

आणि आता इच्छापत्र, ते मी मुद्दाम शेवटाला ठेवलं कारण घरात भांडण लावेल असा शब्द तोच आहे. मराठीत इच्छापत्र म्हणजे मृत्युपत्र. माणूस गेल्यावर कोर्टानं पाळायला लावायचा कागद. लेटर ऑफ विशेस तसं अजिबात नाही, ते काकांनी ट्रस्टीला लिहिलेलं साधं पत्र आहे की माझ्या मनात असं आहे, जमल्यास असं करा, आणि ट्रस्टीवर ते कायद्यानं बंधनकारक नाही. तुम्ही लिहिलंय की त्यात सात रस्त्याजवळच्या फ्लॅटसाठी तुम्हाला पैसे द्यावेत असं आहे. आई ते इच्छापत्र म्हणून वाचतील तर फ्लॅट झालाच असं धरतील, आणि उद्या ट्रस्टीनं वेगळं ठरवलं तर दोष काकांना नाहीतर तुमच्या भावाला. तो शब्द आजच खोडा आणि 'काकांनी ट्रस्टींना कळवलेल्या इच्छा' असं लांबलचक पण खरं लिहा. आईंना सांगताना म्हणा, भाऊजींनी पैसे त्यांच्या हातातून सोडून तिकडच्या माणसांच्या नावावर केलेत, आमच्यासाठी, आणि ते कसे वाटून द्यायचे याबद्दल एक पत्र लिहून ठेवलंय, देऊळ नाही आणि मृत्युपत्रही नाही.