घरच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम की सिग्नल?

घरात एकच विंडोज कॉम्प्युटर आणि वापरणारे तिघं, तर यातलं कोणतं टाकावं, असं तुम्ही विचारलंय. आधी तुमची माणसं कुठे आहेत ते बघा. काका-मावशी सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर असतील तर तेच टाका. फोनवरून क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. नंतर फोन बंद असला तरी चालतं. फक्त 14 दिवसांत एकदा तरी फोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडा, नाहीतर कॉम्प्युटरवर लॉगआउट होतं.

मोठ्या फाइलींसाठी टेलिग्रामही चालतं. 2 जीबीपर्यंतची फाइल जाते. भावाच्या लग्नाचे व्हिडिओ मी तसेच पाठवले. पण तिथल्या साध्या चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता येणार नाहीत अशा) नसतात, आणि तशी असणारी सीक्रेट चॅट विंडोजवरच्या टेलिग्राम डेस्कटॉपमध्ये मिळतच नाही. त्यामुळे आधार-पॅनचे फोटो तिथे कृपा करून टाकू नका. त्यासाठी सिग्नल ठेवा, दोघं-तिघं घरचेच असले तरी पुरे.

आणि हो, विंडोजवर प्रत्येकाचं वेगळं अकाउंट कराच. नाहीतर मुलगा अभ्यासाला बसतो आणि कोपऱ्यात तुमच्या डॉक्टरांचा मेसेज उघडा दिसतो.