मांजराच्या रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) थोडं वाढलंय, किडनीचा खास आहार सुरू करू का?

लगेच नको. अंगात पाणी कमी असलं तरी क्रिएटिनिन वर जातं, म्हणून आधी एसडीएमए (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी), फॉस्फरस आणि लघवीची घनता तपासून घ्या. तोवर कोरड्या दाण्यांऐवजी ओलं खाणं द्या. त्यात ७५ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, दाण्यांत जेमतेम १०. वरून दोन चमचे कोमट पाणी घातलंत तर वासही छान सुटतो, आणि मांजर आधी वासावरच जातं.

आजार पक्का झाला तर मुख्य काम फॉस्फरस कमी करण्याचं. प्रोटीन मात्र आपल्या मनाने तोडू नका, स्नायू झडतात. नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत दोनेक आठवड्यांत बदला. वाटीजवळची जमीन उकरून मांजर न खाता निघून गेलं तर ‘भूक लागली की खाईल’ म्हणून ताणू नका. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते.