आधी रेडिओसेट, मग भाषण

प्रिय,

दुसऱ्या महायुद्धातल्या प्रचारावरच्या तुझ्या लेखाचा मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण निम्म्याहून अधिक पानं हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स यानंच खाल्ली आहेत. त्याची भाषणं सहज मिळतात, म्हणून युद्धकाळातल्या प्रचारावर लिहिणारा जो तो तिथूनच सुरुवात करतो. तू भाषणं जरा बाजूला ठेव आणि तो आवाज ज्या डब्यातून यायचा, तो डबा आधी बघ.

१९३३ साली जर्मनीत ‘फोल्क्सएम्फेंगर’, म्हणजे जनतेचा रेडिओ, विकायला आला. किंमत ७६ मार्क. मॉडेलचा क्रमांक ३०१, कारण हिटलर चॅन्सेलर झाला तो दिवस ३० जानेवारी. त्यावर दूरदेशीची केंद्रं पकडणारी शॉर्टवेव्ह नव्हतीच. स्वस्त सेटवर ती नसणं साहजिक होतं, पण सरकारच्याही ते पथ्यावर पडलं. तरी रात्री लंडन लागायचंच, म्हणून युद्ध सुरू होताच परकी केंद्रं ऐकणं गुन्हा ठरवलं गेलं आणि सेटच्या बटणाला तसा इशारा देणारं कार्ड लटकू लागलं.

आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. एवढा मोठा मुलूख कवेत घ्यायचा म्हणून ऑल इंडिया रेडिओनं युद्धाआधीच दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे शॉर्टवेव्ह प्रक्षेपक उभारले होते. मग सरकारी बातम्या ऐकण्यासाठी घेतलेल्या सेटवर बर्लिनही लागू लागलं! १९४२मध्ये सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ बर्लिनहून इतर भाषांबरोबर मराठीतही बोलत होता. लंडनहून बीबीसीचं मराठी वार्तापत्र यायचं. त्याचा इंग्रजी मजकूर काही काळ इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल लिहीत असे, आणि त्याच विभागात आपली वेणू चितळेही काम करत होती. आपलं कुणी ऐकतं तरी का, ही शंका ऑर्वेलला पोखरत राहिली आणि १९४३मध्ये त्यानं नोकरी सोडली. शंका रास्तच होती. युद्ध सुरू झालं तेव्हा अख्ख्या हिंदुस्थानात रेडिओचे परवाने लाखभरही नव्हते. म्हणून ‘रेडिओनं जनमत घडवलं’ हे तुझं वाक्य काट. कुणाचं जनमत? सेट कुणाच्या घरात होता, आणि ऐकलेलं पुढे कुणाच्या तोंडून पसरलं, ते शोध.

उषा मेहतांचा भूमिगत काँग्रेस रेडिओ तू दोन ओळींत उरकलास, तो वाढव. २७ ऑगस्ट १९४२ला मुंबईतून ४२.३४ मीटरवर सुरू झालेलं हे केंद्र पोलिसांना हुलकावणी द्यायला जागा बदलत राहिलं आणि १२ नोव्हेंबरला पकडलं गेलं. विदर्भातल्या चिमूर-आष्टीत सरकारनं केलेले अत्याचार वर्तमानपत्रं छापू धजत नव्हती, तेव्हा ते या केंद्रानं सांगितले. पण यालाही प्रचारच म्हण, कचरू नकोस. आणि सुभाषबाबूंचा आवाज नाझींच्या प्रक्षेपकावरून येत होता, हेही लिही. वाचक चिडतील. चिडू देत. जो गज जर्मनांना लावलास, तोच आपल्या माणसांनाही लावायचा.

सिनेमाकडे तू वळलाच नाहीस, आणि सरकारला हुकमी गर्दी तर तिथेच सापडली. १९४०मध्ये सरकारी प्रचारपट काढणारं फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड आलं. काही काळ त्याची सूत्रं शांतारामबापूंकडे होती. (ते तिथे का गेले, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आत्ता त्यात अडकू नकोस.) १९४३मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया स्थापन झाली आणि भारत संरक्षण नियमांखाली सक्ती आली की प्रत्येक खेळाला सरकारमान्य पटांची २००० फुटांपर्यंतची रिळं दाखवायचीच, वर त्यांचं भाडंही थिएटरवाल्यानंच भरायचं. तिकीट काढून आलेला माणूस पडद्याचं बटण फिरवू शकत नाही. १९४६मध्ये ही यंत्रणा गुंडाळली गेली, त्यामुळे स्वातंत्र्याचा सोहळा टिपायला सरकारकडे स्वतःचं पथक उरलं नव्हतं. १९४८मध्ये फिल्म्स डिव्हिजन उभी राहिली आणि सक्तीही परतली. तुझ्या आईवडिलांना विचार, मुख्य सिनेमाआधी काय बघावं लागायचं ते. सत्ता बदलली, तरी ही सोय नव्या सरकारलाही सोडवली नाही. तुझ्या लेखाचा कणा मला इथे दिसतो.

पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जा, काय बघायला मिळतं ते विचार. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ची मराठी वर्तमानपत्रं चाळ आणि त्यांत काय आलेलं नाही याची यादी कर. पुढच्या मसुद्यात गोबेल्सला दोन परिच्छेद पुरेत.