विचारा बिनधास्त : जर्मनीचं नागरिकत्व, कुठल्या वाटेने लवकर?

प्रश्न : मी ३१ वर्षांचा आहे, मेकॅनिकल इंजिनियर, नाशिकला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत डिझाइनमध्ये सात वर्षं. जर्मनीला जायचं ठरलंय पण घोडं अडलंय ते रस्त्यावर. ब्लू कार्ड, मास्टर्स की चान्सनकार्टे? एजंट म्हणतो तीन वर्षांत पासपोर्ट हातात. बायकोला जर्मन येत नाही. सगळ्यात फास्ट काय ते सांगा.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी त्या एजंटचं बघू. तीन वर्षांची सोय होती, खोटं नाही, २७ जून २०२४ला नवा कायदा आला तेव्हा नागरिकत्वासाठी तिथे राहण्याची अट आठची पाच वर्षं झाली आणि ज्यांचं जर्मन एकदम पक्कं, काम चांगलं, त्यांना तीनच. पण सरकार बदललं आणि ३० ऑक्टोबर २०२५पासून ती तीनवाली गोष्ट बंद. पाच राहिली, दोन पासपोर्ट चालतात हेही राहिलं (जर्मनीच्या बाजूने, भारताचं खाली बघा). अजून कोणी तीन वर्षं विकत असेल तर त्याला एक रुपया ॲडव्हान्स देऊ नका.

आता गंमत अशी की तुम्ही तीन रस्त्यांची तुलना नागरिकत्वाच्या वर्षांवर करताय, आणि तिथे फारसा फरकच नाहीये. ब्लू कार्डवर (डिग्री आणि ठरावीक पगाराची ऑफर असली की मिळणारं नोकरीचं परमिट) गेलात तरी पाच, मास्टर्स करून गेलात तरी पाच, कारण शिक्षणाची वर्षंही त्यात धरतात. फक्त अर्जाच्या दिवशी हातात स्टुडंट परमिट असून चालत नाही, ब्लू कार्ड किंवा नोकरीचं परमिट किंवा पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, लागतं. खरा फरक पडतो तो पीआर कधी मिळते आणि तोपर्यंत तुम्ही कुणाच्या भरवशावर जगताय यात.

ब्लू कार्डवाल्याला २७ महिन्यांत पीआर मिळते, जर्मन ए-वन म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं असलं तरी, आणि बी-वन म्हणजे मधल्या पातळीचं असेल तर २१ महिन्यांतच. साध्या स्किल्ड वर्कर परमिटवर तीन वर्षं. जर्मन युनिव्हर्सिटीतून डिग्री घेतली असेल तर नोकरीची दोन वर्षं पुरतात, पण त्याआधी मास्टर्सची दोन वर्षं गेलेली असतात ना, शिवाय एपीएस सर्टिफिकेट (आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं), ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी अडकवून ठेवायच्या खात्यात, वर्षाचे साधारण बारा हजार युरो, आणि घरचं माणूस बरोबर न्यायचं तर तिच्या खर्चाचा हिशोब वेगळा. फी बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत नाही हे खरं, पण बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्या बाजूला, जिथे तुमच्या लाइनचे कारखाने आहेत नेमकं तिथेच, युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १५०० युरो द्यावे लागतात.

चान्सनकार्टे जून २०२४पासून आहे, पॉइंट्सवर मिळतं, किमान सहा लागतात, आणि तिथे जाऊन एक वर्ष नोकरी शोधता येते, आठवड्याला २० तास पार्टटाइम करत. ऐकायला भारी वाटतं. पण नाशिकची चालू नोकरी सोडून, पैसे ब्लॉक करून, जर्मन न येता तिथल्या कंपन्यांना सीव्ही पाठवत बसायचं असेल तर ते इथे बसूनही पाठवता येतात की. २५ वर्षांचा, बिनलग्नाचा, जर्मन येणारा पोरगा असता तर मी म्हटलं असतं जा. तुम्हाला नाही म्हणणार.

तुमच्यासाठी ब्लू कार्ड. इंजिनियर तुटवड्याच्या यादीत येतात त्यामुळे पगाराची अट खालची लागते, २०२६ साठी वर्षाला ४५,९३४ युरो ब्रुटो, म्हणजे टॅक्स कापायच्या आधीचा (बाकीच्यांना ५०,७००). पहिलं काम आज रात्रीच करा, ॲनाबिन नावाची जर्मन साइट आहे, तिथे तुमचं विद्यापीठ आणि डिग्री दोन्ही शोधा, विद्यापीठापुढे एच प्लस (म्हणजे तिथे मान्यता आहे) दिसलं पाहिजे. डिग्री तिथे सापडली नाही तर वेगळं मूल्यांकन करून घ्यावं लागतं आणि त्यात वेळ जातो, ऑफर हातात आल्यावर धावपळ नको.

जोखीम एकच, पीआर येईपर्यंत परमिट नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली तर परदेशी नागरिकांच्या ऑफिसला कळवायचं आणि नवी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. म्हणून २१ महिन्यांचा आकडा डोक्यात ठेवा आणि बी-वन इथूनच सुरू करा. पुण्याला किंवा मुंबईला मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटही आहे. परीक्षेचे चार भाग, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकात १००पैकी ६०, आणि एखादा भाग राहिला तर तेवढाच परत देता येतो. बहुतेकांची गाडी ऐकण्यात आणि बोलण्यात अडकते, कारण ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं आणि घरी मराठीत.

पासपोर्टच्या अर्जालाही हेच बी-वन, वर नागरिकत्वाची टेस्ट, ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास. ३१० प्रश्नांची यादी उघड आहे, पाठ करून जाता येतं. नागरिकत्वाच्या अर्जाची फी २५५ युरो. मोठ्या शहरांत निकालाला वर्ष-दीड वर्षसुद्धा लागतं, त्यामुळे पाच म्हणजे हिशोबात सहा-साडेसहा धरा.

बायकोचं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन लागत नाही, नोकरीही लगेच करता येते. पण पासपोर्टच्या वेळी तिचं बी-वन तिलाच द्यावं लागणार, तुमच्यावर भागणार नाही. आणि मूल तिथे होणार असेल तर जन्मतः जर्मन ठरायला आईबापांपैकी एकाची पाच वर्षं आणि पीआर दोन्ही लागतात, नुसतं ब्लू कार्ड पुरत नाही. ‘थेट पासपोर्टच घेऊ, पीआर कशाला’ असं म्हणणारे इथे फसतात.

प्रश्न : मुलगा म्युनिकला आहे, जर्मन नागरिकत्व घेतोय. आमची सहा एकर बागायत आहे, सातबाऱ्यावर त्याचं नाव लागेल का? आताच बक्षीसपत्र करून टाकू का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : काका, बक्षीसपत्राची घाई नको. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे जर्मन झाला त्या दिवशी त्याचं भारतीय नागरिकत्व गेलं, भारतीय पासपोर्ट सरेंडर करून ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) घ्यायचं, म्युनिकमध्येच आपलं वाणिज्य दूतावास आहे. ओसीआयला मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. हे आज तो एनआरआय आहे तरी लागूच आहे, त्यामुळे ‘जर्मन व्हायच्या आत उरकून टाकू’ हा सल्ला कोणी दिला असेल तर तो चुकीचा आहे. वारसाहक्काने मात्र शेती येते. तुमचं मृत्युपत्र करून ठेवा, पुढे वारस नोंदीने फेरफार होऊन नाव चढतं. एवढंच की त्याला पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येईल, आणि आपल्याकडे घेणाराही शेतकरी असावा लागतो, ती कायद्याची अट वेगळीच. मृत्युपत्र करताना गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवून घ्या.