पॅरालिसिस झालेल्या नवऱ्याला एकटीने घरी कसं सांभाळू?

उजवी बाजू गेली आणि मदतीला कोणी नाही, असं लिहिलंयत. जमतं, पण पहिला महिना पार दमवतो. आमच्या ह्यांना झटका आला तेव्हा लालबागच्या चाळीत एका खोलीत राहत होतो.

उठवताना लुळा हात धरून अजिबात ओढू नका. मी ओढला, खांदा जागचा हलला आणि तीन महिने त्या दुखण्यानेच रडवलं. खुर्ची चांगल्या बाजूला लावा, त्यांना पुढे वाकू द्या, मग कमरेला धरून उठवा. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला. रोजची निम्मी झटापट इथेच संपते.

दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड आणि टाचा रोज बघा, लाली दिसली तर तिथे दाब नको. भरवताना ताठ बसवा. पाण्याने, चहाने ठसका लागत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

व्यायामासाठी हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, बोलणं अडलं असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था. जाताना लोकलचा दिव्यांगांचा डबा बघा, तरी गर्दीची वेळ टाळाच.

मध्येच विनाकारण रडू लागले तर घाबरू नका, पुष्कळदा तो मेंदूच्या इजेचाच भाग असतो, डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि आठवड्यातून एक दुपार शेजारणीला बसवून बाहेर पडा. मी भाजीच्या नावाखाली भारतमाता टॉकीजपर्यंत नुसती चालत जायचे.